मुक्त विद्यापीठाचा अभ्यास, फुकटचे व्हिडिओ आणि घाटमाथ्यावरची रेंज

घाटमाथा

खानापूर तालुक्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर मी रविवारी संमंत्रक, म्हणजे शिकवणारी, म्हणून जाते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.ए., विषय अर्थशास्त्र. एरवी ज्युनिअर कॉलेजला नोकरी.

आमचे विद्यार्थी कोण ते आधी सांगते, नाहीतर चर्चा लगेच पुण्याच्या आयटीवाल्यांकडे वळते. विटा-खानापूर-आटपाडी हा गलाईवाल्यांचा पट्टा. सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून इथली माणसं देशभर पसरलीत. त्यामुळे माझ्या हजेरीतली काही नावं प्रत्यक्षात तमिळनाडूत नाहीतर केरळात असतात आणि परीक्षेलाच उगवतात. बाकी कुणी पोल्ट्रीवर, कुणी यंत्रमागावर, कुणी एसटीत वाहक. बारावीनंतर लगेच लग्न झालेल्या सुना तर भरपूर.

विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन. (ज्यांचं नाव विद्यापीठाला दिलंय ते देवराष्ट्र्याचे, म्हणजे आमच्या शेजारच्याच तालुक्यातले. एवढा अभिमान चालवून घ्या.) तेव्हा घरोघरी पोचवायची म्हणजे छापील पुस्तकंच पोचवायची होती. आता मोबाईल प्रत्येक घरात आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने आपले कोर्स खुले करायची घोषणा २००१ मध्ये केली, आपल्या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांचं एनपीटीईएल २००३ पासून आहे, केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं 'स्वयम' २०१७ पासून. साहित्याचा दुष्काळ नाही.

तरी माझ्या वर्गातली बाई रात्री ओटा आवरून मोबाईल हातात घेते तेव्हा कोणता व्हिडिओ आधी बघायचा, कुठे थांबायचं आणि नाही कळलं तर कुणाला विचारायचं, हे तिला माहीत नसतं. आठवडाभरात तिचा हुरूप जातो.

म्हणून गावच्या वाचनालयात बसून आम्ही तिघा शिक्षकांनी थोडी जुळवाजुळव केली. पुस्तकातल्या एकेका घटकावर मी दहा-बारा मिनिटं बोलते आणि फक्त आवाज रेकॉर्ड करते. ६४ केबीपीएसला तासभराचा आवाज २९ एमबीच्या आत बसतो, म्हणजे एक घटक पाच-सहा एमबीत. आमच्याकडच्या रेंजला तेवढंच झेपतं. पाच-पाच जणांचे गट केले. दर सोमवारी गटाला एक प्रश्न जातो, आणि प्रश्न इथलाच असतो. मागणीची लवचिकता शिकवायची तर 'अंड्याचा दर वाढला की तुमच्या गल्लीत कोण अंडी बंद करतं आणि कोण नाही, का?' असा. उत्तर आधी गटात, मग माझ्याकडे.

गट चालतात. पण सगळा कारभार व्हॉट्सॲपवर आहे आणि तो आता हाताबाहेर जातोय. दोन गोष्टींवर मतं हवीत. व्हॉट्सॲप सोडून दुसरीकडे जावं का, आणि गेलो तर कुठे? दुसरं, नेटवरचं फुकट साहित्य कापून, मराठी करून, आपल्या घटकांना जोडून वाटलं तर चालतं का?

मिरजेची_तार

आधी व्हॉट्सॲपचं. गट म्हणून ते उत्तम, कारण माणसं तिथे आधीपासून आहेत. कपाट म्हणून ते टाकाऊ. सुप्रभातच्या फुलांखाली स्वाध्याय गाडला जातो, फोन भरला की लोक सगळ्या फायली उडवतात, आणि नवा विद्यार्थी आला की त्याला मागचं काहीच आपोआप दिसत नाही. बोलणं तिथेच ठेवा, साहित्य आणि चाचण्या हलवा.

हलवायला मूडल, ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर. २००२ पासूनचं आहे, सोर्स कोड खुला, वापरायला पैसे नाहीत. फक्त सर्व्हरची जागा भाड्याने घ्यावी लागते. त्याचं मोबाईल ॲप तुमच्या कामाचं आहे. रेंज असताना घटक उतरवून घ्यायचा, शेतात किंवा एसटीत बसून वाचायचा-ऐकायचा. प्रश्नमंजुषासुद्धा नेटशिवाय सोडवता येते, नंतर रेंज आली की उत्तरं आपोआप वर जातात. पण त्याला अटी आहेत आणि बरेच जण तिथेच अडकतात. शिक्षकाने ऑफलाइनची परवानगी मुद्दाम चालू करायला हवी, वेळेची मर्यादा ठेवायची नाही, आणि निकाल प्रत्येक प्रश्नाला लगेच न दाखवता शेवटी एकदम दाखवायचा. घड्याळ लावलंत की ऑफलाइन बंद.

वाचनालयात जुना कॉम्प्युटर पडून असेल तर त्यावर कोलिब्री हे नेटशिवाय शिकायचं सॉफ्टवेअर टाका. एक साधा राउटर जोडला की खोलीतले सगळे मोबाईल त्या मशीनला वाय-फायने जोडले जातात. इंटरनेट लागतच नाही. तुमचे ऑडिओ, पीडीएफ, व्हिडिओ त्यात भरता येतात. विकिपीडिया हवा असेल तर किविक्स हे सॉफ्टवेअर, त्यात मराठी विकिपीडियाची पूर्ण ऑफलाइन प्रत मिळते.

पानमळा

वाखूसा (वाचनखूण साठवली).

जुने_मास्तर

सगळं वाचलं. मी सातारकर, आयुष्य रयतमध्ये गेलं, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. नव्या गोष्टींना माझा विरोध नाही, पण या ऑनलाइनचं कौतुक करताना आकडे बघावेत. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसचा हिशोब २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनी कोर्स पुरा केला. शंभरात तीन! आणि ही जगातली नावाजलेली विद्यापीठं, हातात चांगलं नेट, बहुतेकांकडे आधीची पदवी. तिथे ही गत, तर घाटमाथ्यावर काय होणार?

कर्मवीरांनी वसतिगृह काढलं. पोरांना एकत्र ठेवलं, एकत्र जेवू घातलं, कमवा आणि शिका म्हणत हातात खोरं दिलं. शिक्षण त्या राहण्यातून झालं. ते मोबाईलमध्ये कुठून आणणार?

मिरजेची_तार

मास्तर, त्याच हिशोबात पुढची ओळही आहे. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी ओळख पटवून घेतलेल्यांमध्ये पुरं करणारे ४६ टक्के होते. फुकट नोंदणी म्हणजे दुकानात नुसतं डोकावणं, त्यातले निम्मे तर पहिला व्हिडिओही लावत नाहीत. त्यांना नापास धरून काय मिळवायचं?

जुने_मास्तर

४६ मान्य. पण पैसे भरणारा आधीच नेटाचा असतो. मला चिंता बाकीच्यांची आहे, आणि मुक्त विद्यापीठ बाकीच्यांसाठीच निघालं होतं.

घाटमाथा

मास्तर, तुम्ही वसतिगृहाचं म्हणालात ते मला पटतं, म्हणूनच पाच-पाचचे गट केले.

बी.एड.ला असताना दूरशिक्षणाच्या पेपरात मायकेल मूर यांची १९८९ची मांडणी होती. विद्यार्थ्याची तीन देवाणघेवाण असतात: साहित्याशी, शिक्षकाशी आणि इतर विद्यार्थ्यांशी. पुढे २००३ मध्ये टेरी अँडरसन यांनी म्हटलं की या तिन्हींपैकी एक जरी भक्कम असेल तर बाकीच्या दोन थोड्या असल्या, अगदी नसल्या, तरी माणूस खोलवर शिकू शकतो. दोन-तीन भक्कम केल्या तर शिकणं अधिक सुखाचं होतं, पण खर्च आणि वेळ वाढतो.

आमच्यासारख्यांना हे वाक्य फार सोयीचं आहे. झगझगीत व्हिडिओ करायला आमच्याकडे पैसा नाही. शिक्षक रविवारचे काही तास. मग उरतं काय? एकमेकांशी बोलणं. ते स्वस्त आहे आणि गावाला त्याची सवयही आहे. तंत्रज्ञानावरचा आमचा सगळा खर्च त्यावरच व्हावा असं माझं मत होत चाललंय. बहुतेक संस्था उलटं करतात, स्टुडिओ बांधतात, कॅमेरे घेतात आणि चर्चेची जागा ओस पडते. 'स्वयम'च्या रचनेत चार पाय सांगितलेत: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा. चौथ्या पायावर कुणी जोर दिलेला मी तरी फारसा पाहिला नाही.

विट्याची_सून

मी तुमच्या केंद्राची नाही, पण तुम्ही लिहिलेली गलाईवाल्याची बायको मीच. कोइमतूरला असते, एस.वाय.बी.ए. चालू आहे. खरं काय ते सांगते.

व्हिडिओ मी बघत नाही. बघायला डोळे आणि हात दोन्ही अडकतात. ऑडिओ मात्र लई उपयोगी, चपात्या लाटता लाटता ऐकते, नाही कळलं तर परत मागे घेते. आमच्या केंद्रावरचे सर पन्नास मिनिटांचं एकच रेकॉर्डिंग टाकतात, त्यात आपलं कुठं राहिलं ते सापडत नाही. दहा मिनिटांचे तुकडे करा, हे हात जोडून सगळ्यांना.

इथे आमच्या लाइनीत आपल्याकडच्याच तिघीजणी मुक्त विद्यापीठाला आहेत. आम्ही शुक्रवारी दुपारी एकीच्या घरी बसतो. एक धडा एकीने समजावून सांगायचा. ज्या धड्यावर मी सांगितलं तो परीक्षेत मला पाठ करावा लागला नाही. म्हणून गटाचं मॅडम म्हणतात ते बरोबर.

परीक्षेला गावी यावं लागतं. तिकिटं, दुकान, पोरांची शाळा, सासूबाईंना काय सांगायचं, हे सगळं त्यात आलं. ऑनलाइन शिक्षण म्हणताना शिकणं ऑनलाइन झालं, परीक्षा अजून एसटीनेच आहे.

लाल_परी

शेवटचं वाक्य फ्रेम करून डेपोत लावतो.

वाईचा_घाट

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणीच वळलं नाही, म्हणून मी. फुकट बघता येणं वेगळं आणि घेऊन बदलून वाटता येणं वेगळं. परवाना बघायचा.

विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली असतो त्यात श्रेय द्यायचं आणि तुम्ही तयार केलेलंही त्याच परवान्याने खुलं ठेवायचं, एवढ्या अटीवर हवं ते करता येतं, विकतासुद्धा येतं. एमआयटीच्या खुल्या कोर्सेसना या दोन्ही अटी आहेत आणि वर व्यापारी वापराला मनाई. तुमचं केंद्र विद्यार्थ्यांना फुकट देणार असेल तर अडचण नाही. त्याच नोट्स छापून झेरॉक्सच्या दुकानात ठेवल्या तर ती अट मोडते. बालभारतीच्या पीडीएफ फुकट उतरवता येतात, पण पहिल्याच पानांवर लिहिलेलं असतं की लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. यूट्यूबवरचा एखाद्या क्लासवाल्याचा व्हिडिओ डाउनलोड करून कोलिब्रीत भरणं हेही परवान्याशिवाय नको. दुवा द्या, मुलं तिथे जाऊन बघतील.

मुक्त विद्यापीठाची पुस्तकं विद्यापीठाची आहेत. त्यांचं पान स्कॅन करून मूडलवर टाकण्यापेक्षा मॅडम स्वतःच्या शब्दांत बोलतायत ते सगळ्यात स्वच्छ. तुमच्या ऑडिओवर तुम्हीच खुला परवाना लावा, म्हणजे जतच्या किंवा दहिवडीच्या संमंत्रकाला तो विचारल्याशिवाय घेता येईल.

आणि आमच्या गावची जाहिरात: मराठी विश्वकोश वाईला तयार झाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली, पहिला खंड १९७६चा. तो आता नेटवर फुकट वाचता येतो. अर्थशास्त्राच्या नोंदींची भाषा जरा जड आहे, पण पारिभाषिक शब्द मराठीत कसे वापरतात ते बघायला त्याच्यासारखं दुसरं ठिकाण नाही. इंग्रजी व्हिडिओ बघून मराठीत पेपर लिहिणाऱ्यांची तिथेच तर पंचाईत होते.

कृष्णाकाठची_वाळू

मराठीचं निघालंय म्हणून: आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प कुणी वापरलाय का? प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला. लिनक्स, लिबरऑफिस, पायथॉन असल्या खुल्या सॉफ्टवेअरवर दहा-दहा मिनिटांचे धडे, आवाज भारतीय भाषांत, मराठीतही. पद्धत साधी आहे: अर्ध्या स्क्रीनवर धडा लावायचा, अर्ध्यावर स्वतः करायचं. सांगलीत आमच्या कॉलेजात डिप्लोमाच्या ज्या मुलांचा इंग्रजी वर्गात आवाज निघत नव्हता, ती यावर सुटली. दहा मिनिटांचं विट्याच्या वहिनींनी जे सांगितलं तेच हे लोक पहिल्यापासून करतायत.

एनपीटीईएलच्याही निवडक कोर्सेसची मराठी संहिता मिळते. भाषांतर काही ठिकाणी दगडासारखं आहे. पण नसण्यापेक्षा बरं.

तासगावचा_मणी

एक शंका. मी स्वयमवर बारा आठवड्यांचा कोर्स केला तर त्याचे गुण माझ्या पदवीत धरतात का? कुणी हो म्हणतं, कुणी नाही.

कृष्णाकाठची_वाळू

यूजीसीच्या २०२१च्या नियमाने एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्स स्वयमवरून घेऊन त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरता येतात. पण 'येतात', 'येतीलच' नव्हे. तुमच्या विद्यापीठाने तो कोर्स मान्य केलेला असावा लागतो, म्हणून नोंदणीच्या आधी कॉलेजकडून लेखी घ्या. शिकायला आणि नाव नोंदवायला पैसे नाहीत, परीक्षेला शुल्क आहे आणि ती केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. एनपीटीईएलचा हिशोब असा: साप्ताहिक गृहपाठाला २५ गुण, बारा आठवड्यांतले सर्वोत्तम आठ धरतात. परीक्षेला ७५. पास व्हायला गृहपाठात १० आणि परीक्षेत ३० हवेत. सातव्या आठवड्यात जागे होणारे गृहपाठातच लटकतात, तेव्हा तारखा लिहून ठेवा.

आणि जाता जाता, कुठल्याही संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी घ्यायच्या आधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी, त्या अभ्यासक्रमासकट नाव आहे का ते बघा. यादीत असेल तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. नसेल तर फी पाण्यात.

जुने_मास्तर

घाटमाथा मॅडम, एक विचारू? स्वाध्याय तुम्ही घरून मागवता. आता तर ते चॅटजीपीटी लिहून देतं. आमच्या वेळी गाईड होतं, निदान हाताने उतरवावं तरी लागायचं. ते तुम्ही कसं पकडता?

घाटमाथा

पकडायच्या भानगडीत पडत नाही मास्तर. त्यात शिक्षकाचा दिवस जातो आणि विद्यार्थ्याशी वाकडं येतं. सोमवारचा प्रश्न असा ठेवते की उत्तर गल्लीत जाऊनच मिळेल, आणि उत्तर बोलून पाठवायला सांगते, दीड-दोन मिनिटांचा आवाज. कागद वाचून दाखवणारी व्यक्ती तिसऱ्या वाक्याला ओळखू येते. मग गटातलंच कुणीतरी विचारतं, 'अगं पण तुझ्या दीरानं तर अंडी बंद केली नव्हती की?' आमच्याकडे असली तपासणी फुकटात होते.

विद्यापीठाचा अधिकृत स्वाध्याय मात्र ठरलेल्या पद्धतीनेच जातो, त्यात मला काही करता येत नाही. तिथे तुमची शंका कायम आहे.

मिरजेची_तार

हे ऐकून 'मूक' (MOOC, म्हणजे सगळ्यांना खुल्या मोठ्या ऑनलाइन) कोर्सेसची मुळं आठवली. ज्याला पहिला धरतात तो कोर्स २००८ साली कॅनडात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी चालवला. मॅनिटोबा विद्यापीठाचे फी भरलेले २५ विद्यार्थी आणि बाहेरचे दोन हजारांवर फुकटे. व्याख्यानांचा मारा नव्हता. लोक आपापल्या ब्लॉगवर लिहायचे, ते सगळं एका ठिकाणी ओढून रोज एक बातमीपत्र सगळ्यांना जायचं, त्यावर परत चर्चा. मोठ्या कंपन्या २०१२ ला आल्या आणि त्याचं व्हिडिओ आणि बहुपर्यायी प्रश्न एवढंच उरलं. म्हणजे घाटमाथ्यावरचे तुमचे पाच-पाचचे गट हे काही मागासलेलं ऑनलाइन नाही. मूळ कल्पनेच्या जास्त जवळचं आहे ते.

ते बातमीपत्राचं तुम्हीही करा. आठवड्यातली तीन चांगली उत्तरं निवडायची, नावासकट, आणि दर शनिवारी सगळ्या गटांना एक पान पाठवायचं.

विट्याची_सून

नाव आलं तर ते पान मी दुकानात लावीन, आत्ताच सांगते.

घाटमाथा

शनिवारचं पान नक्की. ऑडिओवर खुला परवाना लावते, वाईकर, त्याची मराठीतली ओळ तुम्ही लिहून द्या. कोलिब्रीसाठी वाचनालयाचा जुना कॉम्प्युटर आहे, चालू होतो, पण घोंघावतो. मूडलबद्दल मात्र एक अडचण. माझ्या बऱ्याच विद्यार्थिनींना स्वतःचा ई-मेल नाही. घरात एकच फोन, त्यावर नवऱ्याचा किंवा मुलाचा ई-मेल. दोन ठिकाणी तर सासू आणि सून दोघी शिकतायत, फोन एकच. खाती कशी उघडायची?

मिरजेची_तार

मूडलला प्रत्येक खात्यासाठी ई-मेल लागतोच, पण एकच ई-मेल अनेक खात्यांना चालेल अशी सेटिंग ॲडमिनमध्ये आहे, ती चालू करा. वापरकर्त्याचं नाव वेगळं ठेवा, परीक्षा क्रमांक ठेवलात तर कुणी विसरणार नाही. एक्सेलसारख्या फाईलमधून सगळी खाती एकदम चढवता येतात. ॲपमध्ये एका फोनवर सासूचं आणि सुनेचं अशी दोन्ही खाती ठेवून आलटून पालटून उघडता येतात. पासवर्ड कुणी विसरलं तर सामायिक ई-मेलवर बदलायची चिठ्ठी मागवण्यात गोंधळ होतो, तेव्हा ते काम तुम्हीच ॲडमिनमधून करा.

घाटमाथा

ते मी करीन. खात्यांची फाईल या आठवड्यात तयार करते, एकदा नजरेखालून घाला.